‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ झोप न लागता कसा बघायचा

पहिल्यांदा हा पिक्चर लावला तेव्हा दोन मिनिटांत उठून मी टीव्हीची वायर काढून परत लावली, कारण स्क्रीन काळीकुट्ट आणि मागून माश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज, मला वाटलं टीव्ही गेला. दुसऱ्यांदा माकडांपर्यंत पोचलो आणि सोफ्यावर झोपलो. तिसऱ्यांदा माकडं गाळून थेट मधूनच लावला, शेवटची वीसेक मिनिटं पळवत पळवत संपवली आणि पुढची दोन वर्षं सगळ्यांना सांगत सुटलो की ओव्हररेटेड आहे. चौथ्यांदा बाबांसोबत बघितला, आणि तेव्हा कुठे दिसला. बाबांनी उभ्या आयुष्यात सायन्स फिक्शन बघितलेलं नाही, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं नोकरी केली, त्यामुळे त्यांना ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न पडतच नव्हता. ते बघत होते की आता हा माणूस हाताने काय करतोय, ते मशीन कसं फिरतंय, आणि हे जेवतात काय. हा पिक्चर असाच बघायचा असतो हे मला चौथ्या वेळेला कळलं, तर तुमच्या तीन वेळा वाचाव्यात म्हणून हे लिहितोय.

आधी तयारी. मोबाईलवर बघू नका, ट्रेनमध्ये तर अजिबात नको. हा पिक्चर ७० एमएमच्या प्रिंटसाठी शूट झालाय आणि सिनेरामाच्या प्रचंड वळणदार पडद्यासाठी बनवलाय, त्यात अर्ध्या फ्रेममध्ये नुसता काळा अवकाश आणि कोपऱ्यात नखाएवढं यान असं वारंवार येतं, पाच इंचांवर ते यान म्हणजे स्क्रीनवरचा डाग. घरातला सगळ्यात मोठा टीव्ही, रात्रीची वेळ, सगळे दिवे बंद. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग नावाचा प्रकार बंद करा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते पण असतं तेच, त्याने सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. झूम करून काळ्या पट्ट्या घालवू नका, पट्ट्या असू देत. आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवा आणि स्वयंपाकघरात कुकर नको, हे मी गमतीने सांगत नाहीये, कारण या पिक्चरमध्ये शांतता हीच जागोजागी मुख्य गोष्ट आहे आणि तीन शिट्ट्यांमध्ये ती मरते.

आता ती काळी स्क्रीन. वायरला हात लावू नका. जुन्या काळी मोठ्या पिक्चरना सुरुवातीला पडदा उघडायच्या आधी म्युझिक वाजायचं, लोक खुर्च्यांवर येऊन बसेपर्यंत, तसं हे आहे. ग्योर्ग लिगेटी नावाच्या हंगेरियन संगीतकाराची ‘अ‍ॅटमॉस्फिअर्स’ ही रचना, तिला ना चाल ना ठेका, नुसता आवाजाचा ढग. काही प्रिंटमध्ये हा भाग काढून टाकलेला असतो. असेल तर डोळे अंधाराला सरावण्यासाठी वापरा. त्यानंतर तो सूर्य उगवतो आणि रिखार्ड स्ट्राउसचं ते ढोल बडवणारं संगीत येतं, जे आता जाहिरातींत वापरून वापरून चोथा झालंय, पण अंधारात मोठ्या आवाजात अजूनही अंगावर काटा येतो.

मग माकडं. म्हणजे माकडं नाहीत, आपले खापरपणजोबा. साधारण पंचवीस मिनिटं एकही संवाद नाही आणि बहुतेक लोक इथेच गळतात. बाबासुद्धा पाचव्या मिनिटाला म्हणाले, “काय रे, डिस्कव्हरी चॅनल लावलंयस का?” इथे माझी पहिली युक्ती सांगतो, आणि ही पूर्ण पिक्चरभर पुरते : जेवणावर लक्ष ठेवा. कोण काय खातंय, एवढंच. सुरुवातीला हे केसाळ लोक पाला खुडून खातायत आणि शेजारी टॅपिर नावाचे डुकरासारखे प्राणी तोच पाला खातायत, एकमेकांना ढोसतात पण मारायचं कुणाला सुचत नाही. बिबट्या येतो आणि यांच्यातल्याच एकाला खातो. पाण्याच्या डबक्यावरून दुसऱ्या टोळीशी नुसती आरडाओरड. मग एका सकाळी तो काळा दगड, मोनोलिथ, उभा असतो. आणि त्यानंतर एकजण हाडांच्या सांगाड्याशी बसून एक हाडूक उचलतो आणि हळूच आपटून बघतो, मनगट सैल, मग जरा जोरात, मग अजून जोरात. हा प्रसंग घाई न करता बघा, डॅनियल रिक्टर नावाच्या मूकाभिनेत्याने केलाय, पहिल्या आपटण्यापासून शेवटच्या आपटण्यापर्यंत त्याच्या खांद्याचं काय होतं ते बघा. पुढच्याच शॉटमध्ये हे लोक मांस खातायत. आणि टॅपिर शेजारी नाहीत.

एक मजेशीर गोष्ट, बिबट्याचे डोळे चमकतात ते बघून ठेवा. हे सगळं आफ्रिका वाटतं ना, आफ्रिकेत कुणी अ‍ॅक्टर गेलाच नव्हता. आजच्या नामिबियात जाऊन फक्त मोठे फोटो काढून आणले आणि इंग्लंडमधल्या स्टुडिओत ते अ‍ॅक्टरांच्या मागच्या पडद्यावर पाडले, पण मागून नाही, पुढून, कॅमेऱ्याच्याच रेषेत आरसा लावून. पडद्याला जे मटेरियल लावलं होतं ते हायवेवरच्या चमकणाऱ्या बोर्डांचं असतं त्या जातीचं, प्रकाश जिकडून आला तिकडेच परत फेकणारं, म्हणून पडदा झगमगीत दिसतो आणि अ‍ॅक्टरच्या अंगावर पडलेलं चित्र मात्र फिकं पडून दिसेनासं होतं. बिबट्याच्या डोळ्यांनी नेमकं तेच केलं, प्रकाश परत फेकला. ठरवून केलेला इफेक्ट नव्हता तो.

मग हाडूक वर उडतं आणि कट होऊन थेट अवकाशातलं यान. लाखो वर्षं एका कटमध्ये. हा कट इतक्या लोकांनी इतका वाखाणलाय की मी नवीन काय सांगणार, फक्त दोन गोष्टी. एक, ते पहिलं पांढरं यान मुळात अण्वस्त्र म्हणून कल्पिलं होतं, पृथ्वीभोवती फिरणारा बॉम्ब, पिक्चरमध्ये कुणी तसं सांगत नाही, पण माहीत असलं की हाडूक आणि यान यातलं अंतर एकदम कमी होतं. दुसरी गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. पिक्चरमध्ये भागांच्या पाट्या तीनच आहेत : ‘मानवाची पहाट’ अशा अर्थाची पहिली, मग गुरू ग्रहाच्या मोहिमेची, मग शेवटची अनंतापलीकडची. हाडूक उडाल्यानंतर नवीन पाटी येत नाही! म्हणजे स्पेस स्टेशन, चंद्र, सुटाबुटातले शास्त्रज्ञ, हे सगळं अजून त्याच ‘पहाटे’त चालू आहे. पाटीच्या ठिकाणी पाटी न टाकून दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने माणसाला मारलेला हा टोमणा मला पूर्ण पिक्चरमध्ये सगळ्यात जास्त आवडतो.

त्यानंतर ब्लू डॅन्यूब नावाचा वॉल्ट्झ, म्हणजे युरोपातलं नाचाचं संगीत. इथे कथा पुढे जात नाही, यान स्टेशनला लागतंय एवढंच होतंय, आणि ते पाच-सहा मिनिटं चालतं. वॉल्ट्झ तीन मात्रांचा असतो, आपल्या दादऱ्याच्या जवळपास, मांडीवर बोटांनी ठेका धरा आणि बघा काय काय फिरतंय. स्टेशनचं चाक फिरतंय, मग यान स्वतःभोवती फिरायला लागतं, दोघांचा वेग जुळेपर्यंत, मग पायलटच्या खिडकीतून बघितलं तर स्टेशन स्थिर आणि मागचे तारे फिरतायत. बडा ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, विलंबितात तो एकेक स्वर लावतोय आणि तुम्ही ‘बंदिश कधी’ म्हणून घड्याळ बघितलंत तर नुकसान तुमचं. जाता जाता, या पिक्चरसाठी अ‍ॅलेक्स नॉर्थ या नावाजलेल्या संगीतकाराने वेगळं संगीत करून दिलं होतं, कुब्रिकने ते वापरलंच नाही, एडिटिंगच्या वेळी नुसती सोबत म्हणून लावलेल्या रेकॉर्डीच ठेवल्या, आणि नॉर्थना हे पिक्चर बघताना कळलं. निर्णय बरोबर होता असं माझं मत, पण सांगायची पद्धत काय ती!

तरंगणारं पेन बघा. यानातला एकमेव प्रवासी, एक शास्त्रज्ञ, झोपलाय, पेन हवेत फिरतंय, एअर होस्टेस चिकटणारे बूट घालून हळूहळू येते आणि पेन उचलते. पेन एका मोठ्या काचेला दुहेरी टेपने चिकटवलेलं होतं आणि काच फिरवत होते. संपूर्ण पिक्चरमध्ये कॉम्प्युटरवर बनवलेला एकही शॉट नाही, तेव्हा ती सोयच नव्हती. पिक्चर आला एप्रिल १९६८ मध्ये, माणसं चंद्राला पहिली प्रदक्षिणा घालून आली त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि चंद्रावर उतरली जुलै १९६९ मध्ये, म्हणजे यातली पृथ्वी रंगवणाऱ्यांनी ती इतक्या लांबून बघून आलेल्या माणसाला विचारायचीही सोय नव्हती. म्हणून ती जरा फिकी, निळसर-पांढरी आहे. त्यांचा एवढाच अंदाज चुकला असं म्हणा हवं तर.

आता संवाद सुरू होतात आणि लोकांना वाटतं चला गोष्ट सुरू झाली, तर संवाद अगदीच पुचाट. पहिलं वाक्य लिफ्टवाली बोलते, कुठला मजला वगैरे. मग त्या शास्त्रज्ञाचा लेकीला व्हिडिओ कॉल, वाढदिवसाला काय हवं, कॉलचं बिल १ डॉलर ७० सेंट. हे मुद्दाम आहे. माणसं अवकाशात पोचली पण बोलतात ऑफिसच्या मीटिंगसारखं, त्यामुळे शब्दांत अर्थ शोधत बसू नका, परत जेवणाकडे वळा. पाला गेला, मांस गेलं, आता ट्रेमधून स्ट्रॉने ओढायचं पातळ जेवण, कप्प्यावर भाजीचं चित्र. (नीट बघितलंत तर ओढून सोडल्यावर स्ट्रॉमधलं पातळ खाली घसरतं, वजनरहित अवस्थेत ते घसरायला नको, इतक्या काटेकोर पिक्चरमधली ही चूक सापडली की जरा बरं वाटतं.) त्यानंतर संडासाच्या दारात उभं राहून दहा कलमी सूचना वाचणारा शास्त्रज्ञ. मग चंद्रावरच्या बसमध्ये सँडविच, हे चिकन आहे का, साधारण तसंच काहीतरी. आणि लाखो वर्षं पुरलेला तो काळा दगड सापडल्यावर हे लोक काय करतात, तर गडावर गेलेल्या ग्रुपसारखे त्याच्यासमोर ओळीने उभे राहून फोटो काढतात.

गुरूच्या मोहिमेपासून पिक्चर सोपा होतो, इथे गोष्ट आहे, खलनायक आहे, झोप लागत नाही. सुरुवातीलाच तो गोल खोलीत पळणारा माणूस, पळत पळत भिंतीवर आणि छतावरून परत खाली. ही खोली खरी बांधलेली, ३८ फूट व्यासाचं चाक, विमानं बनवणाऱ्या विकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीने केलेलं, अख्खं फिरायचं. पळणारा कायम तळाशीच असतो, चाक त्याच्या पायाखालून सरकतं. बाबा इथे पुढे सरकून बसले. एक शॉट आहे, एकजण शिडीवरून खाली येतो आणि चालत दुसऱ्याकडे जातो जो पलीकडे बसून जेवतोय, बाबांनी तो तीनदा मागे घेऊन बघायला लावला आणि शेवटी म्हणाले, “कॅमेरा चाकालाच पक्का केलाय. जेवणारा उलटा बांधलाय.” बरोबर होतं. सीटला पट्ट्याने बांधला होता, डोकं खाली. आणि जेवण? ट्रेमध्ये चार रंगांचा लगदा. समोर पातळ पाटीसारखी स्क्रीन ठेवून स्वतःचाच इंटरव्ह्यू बघत जेवतायत दोघं, एकमेकांशी बोलत नाहीत. १९६८ मध्ये. हा शॉट पुढे २०११ साली टॅब्लेटच्या डिझाइनवरून चाललेल्या सॅमसंग-अ‍ॅपलच्या कोर्टकेसमध्ये पुरावा म्हणून दाखवला गेला होता.

हॅल. यानाचा कॉम्प्युटर, लाल डोळा, कॅनेडियन नट डग्लस रेनचा तो दुधावरच्या सायीसारखा आवाज. सबटायटल लावा, कारण तो कधीच आवाज चढवत नाही आणि महत्त्वाचं सगळं हळूच बोलून जातो. बुद्धिबळ येत असेल तर त्या डावाकडे बघा, हॅल आपली चाल सांगताना घराचा नंबर चुकीचा सांगतो, सहाच्या जागी तीन, आणि समोरचा तपासून न बघता हार मान्य करतो. चूक लेखकाची की हॅलची यावर अजून भांडणं चालतात. मला वाटतं हॅलचीच असावी, तसं धरलं तर पुढचं सगळं जास्त मजेदार होतं.

कारण पुढे तो सांगतो की अँटेनाचा अमुक एक पार्ट ७२ तासांत जाणार. हे लोक बाहेर जाऊन पार्ट काढून आणतात, टेस्टवर लावतात, पार्ट ठणठणीत. हॅल म्हणतो, परत बसवा, बिघडू द्या, म्हणजे कळेल. बाबा तिथे जोरात हसले. म्हणाले, “हे मशीन खोटं बोलतंय. चांगला पार्ट परत लावून बिघडायची वाट बघा असं सांगणारा माणूस एकतर स्वतःची चूक झाकतोय नाहीतर त्याला तुला बाहेर पाठवायचंय.” मी या पिक्चरवर जे काही वाचलंय त्यात हॅलचं एवढं थोडक्यात विश्लेषण मला मिळालेलं नाही. तेव्हा दुसरी युक्ती ही : हॅलचं नेमकं काय बिनसलं ते पिक्चर सांगत नाही, तर ऑफिसातला किंवा वर्कशॉपातला माणूस असता तर त्याच्याबद्दल काय वाटलं असतं एवढाच विचार करा.

हॅल त्या दोघांचे ओठ वाचतो त्या प्रसंगानंतर मध्यंतर येतं. हेच तुमचं चहाचं ठिकाण, इतरत्र थांबवू नका.

परत आल्यावर कान उघडे ठेवा. बाहेर अवकाशात दोनच गोष्टी ऐकू येतात, सूटच्या आतला श्वास किंवा काहीच नाही. स्फोट नाही, धडाम नाही. एकजण मरतो तेव्हा श्वास थांबतो आणि त्यानंतर पूर्ण शांतता, तिथे आवाज वाढवायला रिमोट शोधू नका, टीव्ही ठीक आहे. झोपवून ठेवलेले तीन शास्त्रज्ञ मरतात ते तर नुसते आलेख सपाट होताना आणि मशीनवर अक्षरं लुकलुकताना दिसतं, ओरडणं नाही, रक्त नाही, मला अख्ख्या पिक्चरमध्ये सगळ्यात भीषण तेच वाटतं. मग उरलेला अंतराळवीर बोमन हेल्मेटशिवाय यानात घुसतो, तिथेही हवा भरेपर्यंत चिडीचूप. आणि मग तो हॅलच्या लाल खोलीत शिरून हातातल्या छोट्या हत्याराने एकेक पट्टी सैल करतो, आणि हॅल बोलत राहतो, विनवतो, भीती वाटते म्हणतो आणि शेवटी ‘डेझी’ नावाचं जुनं गाणं म्हणत त्याचा आवाज बॅटरी उतरल्यासारखा जाड होत जातो. ते गाणंही उगीच नाही निवडलेलं, बेल लॅब्जमध्ये १९६१ साली खऱ्या कॉम्प्युटरकडून हेच गाऊन घेतलं होतं आणि सहलेखक आर्थर क्लार्क यांनी तो प्रयोग स्वतः ऐकला होता. या प्रसंगात माणसाचा चेहरा कोरा आहे आणि रडू मशीनसाठी येतं.

त्यानंतर एक रेकॉर्ड केलेला निरोप लागतो, त्यातलं शेवटचं बोलणं साधारण असं की त्या दगडाचं मूळ आणि हेतू अजून पूर्ण गूढ आहे. पिक्चरमधले हे शेवटचे शब्द. पुढची वीस-पंचवीस मिनिटं कुणी बोलत नाही. म्हणजे जे समजावून सांगणार नाही ते आधीच सांगून मोकळे झालेत, तुम्ही मात्र इथून पुढे उत्तर शोधत बसता, तसं करू नका.

रंगांचा बोगदा आला की नुसतं बघा. (चमकणाऱ्या दिव्यांनी ज्यांना फिट येते त्यांनी मात्र हा भाग टाळा, खरंच.) तरुण डग्लस ट्रंबुलने केलेलं हे काम, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून तो अरुंद फटीकडे सरकवायचा, फटीमागे रंगीत चित्रं सरकवायची, असं एकेक फ्रेम करत. मध्ये जे तेजोमेघ फुटल्यासारखे दिसतात ते छोट्या टाकीत सोडलेले रंग आणि केमिकल्स, आणि त्या विचित्र जांभळ्या-नारिंगी दऱ्या म्हणजे स्कॉटलंडची बेटं आणि अमेरिकेतली मॉन्युमेंट व्हॅली, रंग उलटेपालटे करून. कुब्रिकला आयुष्यात एकच ऑस्कर मिळालं, ते याच पिक्चरच्या स्पेशल इफेक्ट्ससाठी.

आणि मग ती खोली. जुन्या युरोपियन महालासारखी, पण फरशीतून उजेड येतोय. बोमन एका दारातून बघतो तर पलीकडे तोच, अजून म्हातारा, आणि बघणारा गायब. काय चाललंय म्हणून घाबरू नका, ताट बघा. पाला, मांस, स्ट्रॉ, सँडविच, लगदा, आणि आता पिक्चरमध्ये पहिल्यांदा कुणीतरी टेबलवर, काट्याचमच्याने, शांतपणे व्यवस्थित जेवतोय, अगदी एकटा. हाताचा धक्का लागून ग्लास पडतो आणि फुटतो. तो वाकून काचांकडे बघतो. इतक्या पुढे आल्यावरही हातून ग्लास पडतोच, आणि मला तरी शेवटच्या त्या डोळे वटारलेल्या बाळापेक्षा हा ग्लास जास्त लक्षात राहिलाय. बाळाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. वाढदिवस मोजलेत का पण? लेकीचा वाढदिवस, मग अंतराळवीराला आईवडिलांचा हॅपी बर्थडे, मग मरताना हॅल आपली सुरू झाल्याची तारीख सांगतो, १२ जानेवारी १९९२, आणि मग हे बाळ.

क्लार्कची कादंबरी त्याच वर्षी आली, तिच्यात बरंच उलगडून सांगितलंय आणि ती गुरूऐवजी शनीकडे जाते. वाचा, पण नंतर, आधी वाचलीत तर पिक्चर म्हणजे सोडवलेलं शब्दकोडं होतं. युट्यूबवरचे ‘शेवट समजून घ्या’वाले व्हिडिओ तर किमान आठवडाभर नको.

पाट्या संपल्यावरही ब्लू डॅन्यूब काळ्या स्क्रीनवर चालू राहतं, दिवे लावायची घाई करू नका. आम्ही दोघं तसेच बसलो होतो. मी वाट बघत होतो की बाबा त्या बाळाबद्दल काहीतरी विचारणार आणि मी इतकी वर्षं वाचलेलं सगळं ऐकवणार. बाबा म्हणाले, “तो पार्ट शेवटी बिघडला का रे?”

मी विचार केला. पार्ट परत बसवायला गेलेल्या माणसालाच हॅलने मारलं, म्हणजे तो बसलाच नाही. “कळत नाही,” म्हटलं.

“बघ,” म्हणाले, आणि झोपायला गेले.